हवेची आघाडी

या सदरात मी एरवी शब्दांच्या कुळकथा सांगतो. दिवाळी अंकातही तेच करणार आहे. फक्त या वेळचा शब्द आपल्याला घराबाहेर, पार आयर्लंडच्या किनाऱ्यापर्यंत नेणार आहे. शब्द तसा ओळखीचाच: ‘आघाडी’. घोड्याच्या पुढल्या पायांना बांधायच्या दोरीला अगाडी म्हणत, सैन्याच्या पुढल्या फळीला आघाडी म्हणतात, आणि निवडणुका आल्या की ती गल्लोगल्ली निघते. पण मुलांच्या भूगोलात ‘उष्ण आघाडी’ आणि ‘शीत आघाडी’ अशाही दोघी भेटतात. हवेला कसली आली आहे आघाडी?

त्याचे उत्तर नॉर्वेतल्या बर्गेन या पावसाळी बंदरात सापडते. 1914 साली पहिले महायुद्ध पेटले. नॉर्वे तटस्थ होता. पण हवामान हे लष्करी गुपित ठरल्यामुळे इंग्लंडकडून येणाऱ्या हवेच्या तारा बंद झाल्या. वादळे तर पश्चिमेकडूनच यायची! कोळ्यांच्या होड्या समुद्रात, धान्याची आयात अडलेली, आणि उद्या काय होणार हे सांगणारे कोणी नाही. अशा वेळी, 1917 साली, विल्हेल्म ब्यर्कनेस हे प्राध्यापक लायप्झिगहून बर्गेनला आले. त्यांनी सरकारच्या गळी एक साधी गोष्ट उतरवली: बाहेरच्या बातम्या येत नाहीत ना, मग आपल्याच किनाऱ्यावर पाहणाऱ्यांची संख्या वाढवू. दीपगृहाचे राखणदार, कोळी, अशी साधी माणसे ठरल्या वेळी वारा, ढग, हवेचा दाब यांची नोंद कळवू लागली.

त्या दाट नोंदींचे नकाशे पाहता पाहता प्राध्यापकांचा मुलगा याकोब याला वादळाच्या पोटात दोन रेषा दिसल्या. 1919 साली त्याने त्यावर लहानसा निबंध लिहिला, तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. आधी या मंडळींनी त्यांना नुसत्या ‘रेषा’च म्हटले. पण महायुद्धाच्या बातम्यांत ‘फ्रंट’ हा शब्द रोज वाचलेली ती पिढी. समोरासमोर उभ्या ठाकलेल्या दोन हवांसाठी तोच शब्द त्यांनी उचलला. आपण त्याची ‘आघाडी’ केली. शब्द रणांगणातूनच आला आणि मराठीतही रणांगणातच उतरला, हा योग मला मोठा गमतीचा वाटतो.

आता या आघाडीवर घडते काय? चाळीतल्या दोन बिऱ्हाडांमध्ये एक पातळ सामाईक भिंत असावी, तशी ध्रुवाकडची थंड, जड हवा आणि दक्षिणेकडची ऊबदार, हलकी हवा यांच्यामध्ये एक सीमा असते. एरवी दोघी आपापल्या वाटेने वाहतात. मग कोठेतरी ती सीमा किंचित वाकते, तिच्यावर लाट उठते. लाटेच्या पुढल्या अंगाला गरम हवा थंडीच्या पाठीवर हळूहळू चढू लागते, ती उष्ण आघाडी. मागल्या अंगाला थंड हवा पाचरीसारखी गरम हवेखाली घुसते, ती शीत आघाडी. जड हवा खाली बसते, हलकी वर जाते, आणि त्या चढ-उतारात जी शक्ती मोकळी होते तिचाच वारा होतो. लाटेच्या टोकाशी दाब उतरतो. भोवतालची हवा तिकडे धावते. पण पृथ्वीच्या फिरण्यामुळे सरळ पोचत नाही, उत्तर गोलार्धात घड्याळाच्या उलट दिशेने गिरक्या घेते. झाले आवर्त तयार!

आपल्या बंगालच्या उपसागरातले चक्रीवादळ याच्या नात्यातले वाटते, पण त्याचे कूळ निराळे. त्याला साडेसव्वीस अंशांच्या आसपास किंवा त्याहून अधिक तापलेला समुद्र लागतो. वाफेत दडलेली उष्णता ही त्याची शिदोरी. तिकडच्या आवर्तालाही वाफेची मदत होते, पण त्याचे मुख्य भांडवल म्हणजे थंड आणि गरम यांच्यातला फरक. म्हणून ते हिवाळ्यात, हा फरक वाढला की जोरात असते. त्याचा पसारा हजार-दोन हजार किलोमीटरांचाही असतो.

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला हे सारे क्रमाने दिसते. आधी आभाळात पिसांसारखे ढग. मग पातळ पडदा, आणि चंद्राभोवती खळे. आपला शेतकरीही खळे पाहून पावसाचा अंदाज बांधतो. तिकडे त्याचा अर्थ असा, की गरम हवा वर चढून आली. मग ढग दाटतात आणि संथ पाऊस लागतो. तो सरला की काही काळ दमट ऊब. आणि एकाएकी वारा दिशा बदलतो, जोराची सर कोसळते, गारठा येतो, आभाळ धुतल्यासारखे होते: शीत आघाडी गेली. ही मागली आघाडी पुढलीपेक्षा चपळ. काही दिवसांत ती पुढलीला गाठते, गरम हवा जमिनीवरून पार उचलली जाते आणि वादळ विझते. भांडण मिटते, ते समेट होऊन नव्हे, एका पक्षाचे बिऱ्हाडच वर हलल्यामुळे!

पुढे कळले, की या नाटकाचे एक सूत्र फार वर, नऊ-दहा किलोमीटरांवरच्या वेगवान वाऱ्याच्या हाती असते. खालून जमणारी हवा तो वरून ओढून नेतो. जमण्यापेक्षा नेणे जास्त झाले की दाब उतरत जातो. ती पहिली लाट का वाढते याचे गणित चार्नी यांनी 1947 साली आणि ईडी यांनी 1949 साली मांडले.

पण त्याआधीच या विद्येची कसोटी लागली होती. 1944 च्या जूनमध्ये दोस्तांच्या फौजा इंग्लिश खाडी ओलांडून नॉर्मंडीवर उतरणार होत्या. दिवस ठरला होता 5 जून. आयर्लंडच्या पश्चिम टोकाला ब्लॅकसॉड येथे टपाल कचेरीत मॉरीन फ्लॅविन ही मुलगी काम करी. हवेच्या नोंदी घेणे हा त्या कामाचाच भाग. 3 जूनला तिचा एकविसावा वाढदिवस होता. त्या दिवशी वायुभारमापकातला पारा झपाट्याने उतरताना तिने पाहिला आणि तसे कळवले. इंग्लंडहून फोन आला: पुन्हा तपासून सांगा. तिने पुन्हा तपासले. आकडा तोच.

हवामानप्रमुख स्टॅग यांच्या सल्ल्यावरून आयझेनहॉवर यांनी मोहीम एक दिवस पुढे ढकलली. सल्लागारांत बर्गेनच्या परंपरेत घडलेले पेटरसन हेही होते. 5 तारखेला खाडी खवळलेली होती. शीत आघाडी सरून मागे थोडी उघडीप मिळेल हे नकाशावर दिसले, आणि 6 जूनला दीड लाखाहून अधिक सैनिक उतरले. त्यांतले हजारो परतले नाहीत, हेही विसरू नये. पण आदल्या दिवशीच्या लाटांत किती होड्या गेल्या असत्या याची कल्पनाच केलेली बरी.

आपल्या नोंदीचे पुढे काय झाले हे मॉरीनबाईंना 1956 साली कळले. डिसेंबर 2023 मध्ये, शंभर वर्षांच्या होऊन, त्या वारल्या.

याच कुळातली काही आवर्ते भूमध्य समुद्राकडून हिवाळ्यात आपल्याकडे येतात. काश्मीरचा बर्फ आणि पंजाबच्या गव्हाला मिळणारा पाऊस त्यांचाच. थंडीत बातम्यांत ‘पश्चिमी विक्षोभ’ असे शब्द आले, की मुलांना नकाशा काढून दाखवा. आणि घरात एखादा दाबमापक असेल, तर त्याची नोंद त्यांच्याकडे सोपवा. अट एकच: जो आकडा दिसेल तोच लिहायचा.