निकालाच्या आधीची ओळख

तलासरीत एखादी मुलगी शर्यत जिंकली की मैदानाबाहेर पहिला प्रश्न येतो, ‘कुठल्या वसतिगृहाची?’ विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, पण उत्तरावर बरंच ठरतं. ज्ञानमाता सदन म्हटलं की ती जेझुइट फादरांच्या मिशनची. विश्व हिंदू परिषदेचं केंद्र म्हटलं की भगव्या बाजूची. गोदावरी परुळेकरांच्या नावाच्या महाविद्यालयात शिकते म्हटलं की घर लाल बावट्याचं. आणि सरकारी आश्रमशाळा असेल, तर मग पाडा आणि आडनाव विचारायचं. दहातली नऊ माणसं आदिवासी असलेल्या या तालुक्यात मुलांच्या शिक्षणासाठी इतके वेगवेगळे हात पुढे आले, हे मोठंच काम आहे. त्यांच्यामुळे मुलांना दोन वेळचं जेवण मिळालं, शाळा मिळाली, धावायला मोकळी जागा मिळाली. पण मुलगी अंतिम रेषा ओलांडते तेव्हा ती किती सेकंदांत आली, याआधी ती कोणाची हे मोजलं जातं.

त्यातल्या ख्रिस्ती खेळाडूबद्दल आणि त्याच्या प्रशिक्षकाबद्दल आज लिहायचं आहे. मी वसईचा ख्रिस्ती. आमची देवळं पोर्तुगीज काळातली. आमच्याकडे कोणी खेळाडू गळ्यात क्रूस घालून मैदानात उतरला तर कोणाचं लक्षही जात नाही. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरचा ख्रिस्ती मात्र थोड्या पिढ्यांचा. 1998 साली वसई धर्मप्रांत वेगळा झाला, तेव्हापासून तो आणि आम्ही एकाच बिशपांच्या छायेत आहोत. तरीही जे प्रश्न आम्हाला कोणी विचारत नाही, त्यांची उत्तरं त्याला चौदाव्या वर्षापासून द्यावी लागतात. तू वारली की ख्रिस्ती? दाखला कसा मिळाला? काय मिळालं म्हणून बाटलात? शंभर मीटर धावायला आलेल्या पोराला हे विचारणं अन्याय आहे, आणि तो आपण इतके दिवस मुकाट्याने होऊ दिला.

गेल्या काही काळात हा प्रश्न मोठ्या पडद्यावरही आला. 30 ऑक्टोबर 2025 रोजी नवी मुंबईत महिला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद 127 धावा केल्या. 339 धावांचं लक्ष्य भारताने गाठलं. सामना संपल्यावर डोळे पुसत तिने येशूचे आभार मानले, एकटीने हे जमलं नसतं असं सांगितलं आणि बायबलमधल्या एका वचनाची आठवण काढली. त्यावरून समाजमाध्यमांवर तिच्या धर्माबद्दल नको नको ते लिहिलं गेलं. जुनं प्रकरणही उकरून काढलं गेलं. तिच्या वडिलांनी आवारात धार्मिक कार्यक्रम केल्याच्या आरोपावरून खार जिमखान्याने ऑक्टोबर 2024 मध्ये तिचं मानद सदस्यत्व रद्द केलं होतं. त्या प्रार्थनासभा होत्या, रीतसर परवानगीने झाल्या होत्या, असं वडिलांनी तेव्हाच सांगितलं होतं. हे वडील, आयव्हन रॉड्रिग्ज, तिचे पहिले प्रशिक्षक.

या गदारोळात तिच्या बोलण्यातला गाभा हरवला. त्याच स्पर्धेत ती दोनदा शून्यावर बाद झाली होती, इंग्लंडविरुद्ध तिला संघातून वगळलं होतं. त्या दिवसांत आपण जवळजवळ रोज रडत होतो, मन अस्वस्थतेने घेरलं होतं, हे तिने सगळ्या देशासमोर सांगितलं. संघातल्या मैत्रिणी जवळ बसून राहिल्या, हेही सांगितलं. तिची श्रद्धा विजयाच्या फोटोत दिसली, पण ती कामाला आली होती शून्याच्या दिवशी. माझ्या दृष्टीने खेळाडूच्या श्रद्धेची खरी जागा तीच. देवाने ऑस्ट्रेलियाला हरवलं, असं मानणारी श्रद्धा मला भाबडी वाटते. समोरच्या संघातही प्रार्थना करणाऱ्या मुली असतातच.

ख्रिस्ती धर्मात याला भक्कम आधार आहे. येशूचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा हा माझा प्रिय पुत्र आहे असं पित्याने म्हटल्याचं शुभवर्तमान सांगतं. त्या क्षणापर्यंत येशूने एकही प्रवचन दिलं नव्हतं, एकही रोगी बरा केला नव्हता. प्रेम आधी, कामगिरी मागून. संत पौलाला तर मैदान चांगलंच ठाऊक होतं. करिंथजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत. तिथल्या विजेत्याला पाइनच्या किंवा सेलरीच्या पानांचा मुकुट मिळे आणि तो काही दिवसांत सुकून जाई. करिंथकरांना लिहिताना पौल धावणारा आणि मुष्टियोद्धा यांचे दाखले देतो, त्यांच्या कष्टांचं कौतुक करतो आणि त्या सुकणाऱ्या मुकुटाचीही आठवण देतो. कठोर सराव कर, पण तुझं मोल त्या पानांवर ठरत नाही, हा त्यातून मी घेतलेला अर्थ. व्हॅटिकनने खेळावर पहिला सविस्तर दस्तऐवज 2018 च्या जूनमध्ये काढला. त्यातही खेळाडूला निकालाचं साधन करू नका, हीच काळजी आहे.

हे तलासरीच्या मुलाला कोणीतरी सांगायला हवं, कारण त्याच्याविषयी आपली समजूत फार आखूड आहे. ‘आदिवासी पोरं काटक’ हे वाक्य मी क्रीडाशिक्षकांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल. त्यात कौतुक असतं, आणि बाकी सगळं नाकारणंही असतं. काटक आहे म्हणून अनवाणी धावू दे. काटक आहे म्हणून गुडघा दुखतोय तरी पळू दे. तालुक्याला पहिला, जिल्ह्याला पहिला, आणि मग बालेवाडीच्या सिंथेटिक ट्रॅकवर काटे असलेले बूट घातलेल्या मुलांमध्ये सातवा. तो परत येतो तेव्हा वसतिगृहात त्याच्याविषयी कोणी फारसं बोलत नाही. दहावी-बारावीनंतर बोईसर, उंबरगाव नाहीतर वापीच्या कारखान्यात कामाला लागतो आणि धावणं सुटतं. ज्याची ओळख फक्त पहिल्या नंबरावर उभी केली होती, त्याच्याजवळ त्या सातव्या नंबरानंतर काय उरतं? मिशनमधल्या प्रशिक्षकाने त्या संध्याकाळी त्याच्याशेजारी बसायचं आहे. विजयाच्या दिवशी सगळ्यांदेखत केलेल्या क्रूसाच्या खुणेपेक्षा त्या संध्याकाळला मी जास्त मानतो.

आता रोजच्या अडचणी. स्पर्धा आणि निवड चाचण्या बहुतेक रविवारी येतात. रविवार म्हटलं की ख्रिस्ती मंडळींना एरिक लिडेल आठवतो. 1924 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी म्हणून तो धावला नाही. पुढे चारशे मीटरमध्ये 47.6 सेकंदांत त्याने सुवर्ण मिळवलं, दुसऱ्या वर्षी चीनमध्ये मिशनरी म्हणून गेला आणि 1945 साली जपान्यांच्या नजरकैदेतल्या छावणीत वारला. त्या माणसापुढे मी नतमस्तक आहे. पण तो स्कॉटलंडच्या प्रोटेस्टंट परंपरेतला. त्याच्या घरात रविवारचा विसावा हा फार कडक नियम. कॅथलिक मुलाला तसं बंधन नाही. 1983 च्या धर्मविधी संहितेनुसार शनिवारी संध्याकाळच्या मिस्साला गेलं तरी रविवारचं कर्तव्य पूर्ण होतं. मग निवड चाचणीच्या आठवड्यात वसतिगृहातल्या मुलांसाठी शनिवारी संध्याकाळी मिस्सा ठेवायला काय अडचण आहे? फादरांनी एवढं केलं तर डहाणू रोडहून पहाटेची लोकल पकडणारं पोर अपराधी मनाने धावणार नाही.

तेच प्रायश्चित्तकाळाचं. राखेच्या बुधवारी आणि शुभ शुक्रवारी उपवास असतो, पण त्याच संहितेत उपवासाचं बंधन अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर लागू होतं. मांस वर्ज्य करण्याचा नियम चौदापासून. म्हणजे शाळकरी खेळाडूवर उपवासाची सक्ती धर्मानेच ठेवलेली नाही. आधीच अंगात रक्त कमी असलेल्या मुलीला उपाशीपोटी सरावाला उतरवून कोणी त्याला भक्ती म्हणत असेल, तर त्याला हा नियम दाखवावा. आणि शुभ शुक्रवारी स्पर्धा ठेवली असेल, तर तारीख बदलून मागायला संकोच करू नये. गणपतीत कोणी ठेवत नाही ना?

नारळाचा प्रश्न जास्त नाजूक आहे. स्पर्धेच्या उद्घाटनाला नारळ फुटतो, फोटोला हार घालतात, कपाळाला गंध लागतं. काही छोट्या पंथांची कुटुंबं मुलांना याच्या जवळही जाऊ देत नाहीत. तारप्यावर नाचायलाही मना करतात. मला हे दुखतं. चैत्रात महालक्ष्मीच्या जत्रेला वाघाडीचा पुजारी रात्री ध्वज घेऊन डोंगराचा सुळका चढतो. छातीचा भाता आणि श्रद्धा एकाच वेळी पणाला लावणारी ही चढण ज्या मुलुखात पिढ्यान् पिढ्या चालत आली, तिथल्या ख्रिस्ती मुलाने तिच्याकडे पाठ फिरवून उभं राहावं असं येशू कुठे सांगतो? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर कॅथलिक उपासनेत लोकांची भाषा, लोकांचं संगीत आलं, ते याच समजुतीने. पण त्याचबरोबर, गंध नको म्हणून एखादी मुलगी हात जोडून शांत उभी राहिली, तर तिच्यावर डोळे वटारणाऱ्या पंचांनाही मी तितक्याच आग्रहाने सांगेन की ती कोणाचाही अपमान करत नाही.

सगळ्यात खोल जखम दाखल्याची. ख्रिस्ती झालेल्या आदिवासींना अनुसूचित जमातीच्या यादीतून काढा, ही मागणी देशात साठच्या दशकापासून आहे आणि हल्ली ती पुन्हा जोरात होते. कायदा आज स्पष्ट आहे. 1950 च्या अनुसूचित जातींच्या आदेशात धर्माची अट आहे. अनुसूचित जमातींच्या आदेशात नाही. वारली वारलीच राहतो, तो कणसरीला नमस्कार करो की क्रूसाला. पण कायदा स्पष्ट असला तरी पोराच्या मनातली भीती जात नाही. वसतिगृह, शिष्यवृत्ती, पुढे पोलीस भरती, सगळं त्या कागदावर. म्हणून पुष्कळ मुलं बातमीत फोटो यायच्या आधी गळ्यातला क्रूस बनियनच्या आत सरकवतात.

त्या मुलांना मी जयपालसिंग मुंडांची गोष्ट सांगेन. छोटानागपूरचा मुंडा मुलगा, अँग्लिकन मिशनच्या शाळेतून पुढे ऑक्सफर्डला गेलेला. 1928 च्या अॅम्स्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये भारतीय हॉकी संघाचा कर्णधार होता. भारताचं हॉकीतलं पहिलं सुवर्ण त्या संघाचं. आयसीएसची वाट त्याने हॉकीपायी सोडली. पुढे 1939 साली तो आदिवासी महासभेचा अध्यक्ष झाला आणि संविधान सभेत आदिवासींच्या वतीने उभा राहिला, तेव्हा आपण जंगलातले असल्याचा अभिमान त्याने भर सभेत सांगितला. त्याचं ख्रिस्ती असणं आड आलं नाही, ऑक्सफर्डही आलं नाही. ओडिशातल्या सुंदरगढचा दिलीप तिर्की आदिवासी ख्रिस्तीच, देशासाठी चारशेहून अधिक सामने खेळला. आणि आपल्या सांगलीचे विजय हजारे? मराठी ख्रिस्ती घरातले. धर्मावर संघ पाडणाऱ्या मुंबईच्या पंचरंगी स्पर्धेत ते ‘द रेस्ट’कडून खेळायचे. 1943 च्या हंगामात हिंदू संघाविरुद्ध 387 पैकी 309 धावा त्यांच्या एकट्याच्या. आठ वर्षांनी, 1952 च्या फेब्रुवारीत मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा कर्णधार हजारेच होते. धर्मावर संघ पाडणारी ती स्पर्धा त्याआधीच बंद पडली होती.

आता प्रशिक्षकांशी थेट बोलतो. फादर असोत, सिस्टर असोत, आश्रमशाळेचे पीटी सर असोत की पाड्यावरचा एखादा स्वयंसेवक दादा, मुलांच्या दृष्टीने संघ निवडणारा माणूस सर्वशक्तिमान असतो. तो म्हणेल ती प्रार्थना मूल म्हणतं, तो म्हणेल त्या फोटोपुढे वाकतं. अशा होकाराला श्रद्धा म्हणता येत नाही. संविधानाच्या 28 व्या कलमात सरकारी पैशावर पूर्णपणे चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षणाला मनाई आहे. मान्यताप्राप्त वा अनुदानित संस्थेतही अल्पवयीन मुलाला पालकांच्या संमतीवाचून उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. हा नियम मिशनलाही लागू आणि बाकीच्यांनाही. सामन्याआधी गोल करून प्रार्थना करायची असेल तर जरूर करा; संघाची यादी आधी फलकावर लावा, मग करा. ज्याला यायचं नाही त्याने बाजूला बुटांच्या नाड्या बांधाव्यात आणि पहिल्या अकरात खेळावं. आपली श्रद्धा बळकट असेल तर हे करायला भीती वाटू नये. मिशनच्या संघात हिंदू वारली मुलगा असेल, तर त्याला महालक्ष्मीच्या जत्रेला सुट्टी द्या. आश्रमशाळेच्या संघात ख्रिस्ती मुलगी असेल, तर नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सासाठी तिला घरी सोडा.

पावसाळा सरला की तालुका आणि प्रकल्प पातळीवरच्या स्पर्धांची धांदल सुरू होईल. डहाणूच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला, तलासरीच्या क्रीडाशिक्षकांना आणि मिशनच्या वसतिगृह प्रमुखांना माझी एक विनंती आहे. वेळापत्रक ठरवायला एकदा एका टेबलाभोवती बसा. सगळ्यांचे सण एका कॅलेंडरवर मांडा, रविवारच्या शर्यती सकाळी किती वाजता सुरू करायच्या ते ठरवा. छातीवरच्या पट्टीवर नंबर आणि मुलाचं नाव एवढंच छापा. वसतिगृहाचं नाव पुढच्या वर्षीपासून नको.