वादळांची ज्येष्ठता-यादी

इंटरनेटवरील विश्वकोशात अटलांटिक महासागरातील पाचव्या श्रेणीच्या हरिकेनांची जी यादी आहे, तिच्याविषयी दोन प्रकारची माणसे सारख्याच आवेशाने बोलताना आढळतात. पहिला वर्ग यादी उघडतो, तिच्यातील ओळी मोजतो आणि 'पाहा, वादळे किती वाढली' असे जाहीर करतो. दुसऱ्यास तीच यादी पाहताना तिच्यातील आकडे मागाहून बदलल्याचे कळते, आणि 'हे सारे खोलीत बसून रचलेले' असा निकाल देऊन तो मोकळा होतो. यादी कशी वाचावी याची जाण या दोहोंपैकी एकासही नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि ज्यांचे अर्धे आयुष्य याद्या करण्यात व उरलेले त्या दुरुस्त करण्यात जाते, अशा आम्हां दप्तरी मंडळींस ते सांगण्याचा थोडाफार अधिकार आहे.

यादीत प्रवेशाची अट एकच. अभियंते हर्बर्ट सॅफिर व हवामानशास्त्रज्ञ रॉबर्ट सिम्पसन यांच्या नावे जी श्रेणी चालते, तिच्यानुसार दहा मीटर उंचीवरील वाऱ्याचा एका मिनिटाच्या सरासरीने वेग ताशी १५७ मैल, म्हणजे सुमारे २५२ किलोमीटर, वा त्याहून अधिक हवा. अट सुटसुटीत दिसते. परंतु हे वेग मूळ दप्तरात पाच-पाच नॉटांच्या टप्प्यांनी नोंदले जातात. त्यामुळे चौथ्या श्रेणीचा शेवटचा आकडा १३५ नॉट आणि पाचवीचा पहिला १४० नॉट. मधली जागा रिकामीच. २०१८ च्या ऑक्टोबरात फ्लॉरिडातील मेक्सिको बीचवर आदळलेले मायकेल प्रथम १३५ वर नोंदले गेले, आणि सर्व कागद पुन्हा तपासल्यावर २०१९ च्या एप्रिलात १४० वर चढले. वादळ तेच, पडलेली घरे तीच. पाच नॉटांच्या बळावर त्यास यादीत जागा मिळाली. हा फरक अंदाजाच्या नेहमीच्या अनिश्चिततेच्या आतलाच आहे, हे तपासणाऱ्या अमेरिकन अधिकाऱ्यांनीच तेव्हा सांगितले होते. ते सांगणे यादीच्या रकान्यात मावत नाही, आणि रकान्यात जे मावत नाही ते लोकांच्या लेखी नसतेच.

आता बढत्या आणि पदावनती पाहा. १९९२ च्या ऑगस्टात दक्षिण फ्लॉरिडावर आलेले अँड्र्यू ताशी १४५ मैलांचे, म्हणजे चौथ्या श्रेणीचे ठरले होते. पुढे विमानातून वादळात मोजयंत्रे सोडून वारा थेट समुद्रपृष्ठापर्यंत मोजण्याची सोय झाली. वरच्या थरातील वाऱ्यावरून खालचा वारा काढण्याचे जुने प्रमाण तोकडे होते, असे त्यावरून दिसून आले, आणि २००२ मध्ये अँड्र्यूस १६५ मैल देऊन वरच्या श्रेणीत घेण्यात आले. उलट १९६९ च्या कॅमिलच्या नावे वर्षानुवर्षे छापले जाणारे १९० मैल २०१४ च्या फेरतपासणीत १७५ झाले. १९५० चे डॉग तर १८५ वरून १४५ वर घसरून यादीतूनच बाहेर गेले. (त्या काळी वादळांस लष्करी मुळाक्षरांची नावे असत, अमेरिकन हवामान खात्याने स्त्रियांची नावे सरसकट देणे १९५३ मध्ये सुरू केले. कुत्र्यानंतर स्त्री, हा क्रम कोणाच्या डोक्यातून निघाला असेल ते असो.)

यांत लाजण्यासारखे काय आहे? सेवापुस्तकातील नोंद चुकीची ठरली, तर आपण ती खरवडत नाही. तिच्यावर लाल शाईची एक रेघ मारतो, खालचे अक्षर वाचता येईल असे राखतो, वर नवी नोंद लिहितो आणि सही-तारीख घालतो. अशा पुस्तकावर विश्वास अधिक बसतो. या यादीवरील आमचा आक्षेप तिच्यातील आकडे बदलले हा नाही. त्या बदलास तिच्यात स्वतंत्र रकाना नाही, हा आहे. तिच्यात किती तास वादळ पाचव्या श्रेणीत होते याचा रकाना आहे. १९३२ च्या क्यूबाच्या वादळापुढे ७८ तास आणि २०१७ च्या इर्मापुढे ७७ तास, असे दोन आकडे सख्ख्या भावांसारखे दिसतात. इर्माभोवती विमाने आणि उपग्रह होते. १९३२ मध्ये वादळात सापडलेल्या जहाजांच्या नोंदी आणि किनाऱ्यावरचे वायुभारमापक यांवरच भिस्त होती. एका तासाच्या फरकाने पहिला क्रमांक ठरवणे हा मग शुद्ध विनोद होय.

ओळी मोजणाऱ्यांचे हेच चुकते. यादी १९२४ च्या क्यूबाच्या वादळापासून सुरू होते, ती तेव्हापासून वादळे आली म्हणून नव्हे. १७८० च्या महावादळात कॅरिबियन बेटांवर बावीस हजारांच्या आसपास माणसे मेली. त्याचा वेग मोजण्याचे साधन नव्हते, म्हणून त्यास ओळ नाही. हरिकेनमध्ये जाणूनबुजून पहिले विमान १९४३ मध्ये शिरले आणि पहिला हवामान-उपग्रह १९६० मध्ये उडाला. या दोन सालांच्या आधीच्या ओळी आणि नंतरच्या ओळी एकाच बेरजेत धरणे म्हणजे वादळांबरोबर पहारेकरीही मोजणे. तथापि यावरून 'पूर्वीही असेच होते' म्हणणाऱ्यांनी हर्षभरित होऊ नये. गेल्या चार दशकांत, म्हणजे उपग्रहांच्या डोळ्यांदेखत, जगातील वादळांत प्रबळ वादळांचे प्रमाण वाढले असण्याचा संभव मोठा आहे, असे आंतरराष्ट्रीय हवामानबदल समितीने २०२१ मध्ये नमूद केले आहे. तो निष्कर्ष या यादीच्या ओळी मोजून काढलेला नाही, इतकेच.

शिवाय 'प्रबळ' म्हणजे कशाने? वाऱ्याने पाहिले तर १९० मैलांचे १९८० चे ॲलन वर. वायुभाराने पाहिले तर ८८२ मिलिबारांचे २००५ चे विल्मा. आणि संहाराने पाहिले तर यादी जवळजवळ मुकी आहे. १९०० मध्ये गॅल्व्हेस्टनमध्ये हजारो माणसे बुडविणारे वादळ चौथ्या श्रेणीचे, म्हणून तिच्यात नाही. मिच तिच्यात आहे. पण १९९८ मध्ये ते होंडुरासच्या किनाऱ्यास लागले तेव्हा पहिल्या श्रेणीपर्यंत उतरले होते, आणि मध्य अमेरिकेत दहा हजारांवर बळी घेतले ते त्याच्या पावसाने. कत्रिनाही समुद्रावर पाचव्या आणि लुइझिआनाच्या किनाऱ्यावर तिसऱ्या श्रेणीचे होते. न्यू ऑर्लिन्स बुडाले ते बांध फुटून. 'पहिल्याच श्रेणीचे आहे' म्हणून घर न सोडणारा मनुष्य श्रेणीस पावसाचे आणि पाण्याचे माप समजतो. श्रेणी फक्त वाऱ्याची आहे.

कलकत्ता, भुवनेश्वर, विशाखापट्टणम येथे काम करणाऱ्या आमच्या बांधवांसाठी एक सूचना. १९९९ च्या ओडिशाच्या महाचक्रीवादळाचा वेग आपल्या हवामान खात्याने १४० नॉट धरला, तो तीन मिनिटांच्या सरासरीने. अमेरिकेची सरासरी एका मिनिटाची. तोच वारा त्यांच्या पद्धतीने मोजला तर आकडा थोडा मोठा येईल. टिपणीत हे वादळ मायकेलच्या ओळीस लावून 'दोन्ही समान' असा शेरा कोणी मारू नये. मारायचाच असेल, तर सरासरी किती मिनिटांची हे कंसात लिहावे. आणि विश्वकोशाच्या संपादकांनी कॅमिलच्या ओळीत १९० वर एक रेघ मारून, वर १७५ व बाजूस २०१४ लिहावे. त्याच रीतीने अँड्र्यूच्या ओळीत १४५ वर रेघ, वर १६५ व बाजूस २००२.