मनाच्या वेशीवरचा पहारा

आज गुड फ्रायडे. भस्म बुधवारी कपाळी राख लावून ख्रिस्ती बांधवांनी ज्या उपवासकाळास आरंभ केला, तो आता समाप्तीस आला आहे. येशू ख्रिस्ताने अरण्यात चाळीस दिवस निराहार राहून मोहाशी सामना केला, त्याच्या स्मरणार्थ रविवार वगळून चाळीस दिवसांचे हे व्रत आचरले जाते. एकादशी आणि चातुर्मास यांच्या संस्कारात वाढलेल्या आमच्या वाचकांस उपवास परका नाही. तथापि उपवास कशासाठी, या प्रश्नाचे प्राचीन ख्रिस्ती साधकांनी दिलेले उत्तर या पर्वाच्या निमित्ताने सांगावे, असे आम्हांस वाटते.

कॅथलिक चर्चचा आजचा नियम सौम्य आहे. १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत भस्म बुधवार व गुड फ्रायडे या दोन दिवशी एकच पूर्ण जेवण घ्यावे. सोबत दोन वेळा थोडासा आहार चालतो. म्हणजे खरी कसोटी पोटाची नव्हे. बायबलातील नीतिसूत्रांच्या ग्रंथाने आत्मसंयमन नसलेल्या माणसास तट ढासळलेल्या नगराची उपमा दिली आहे. गडकोटांच्या या महाराष्ट्रास तिचा अर्थ समजावून सांगण्याचे कारण नाही. तट रयतेला कोंडण्यासाठी नसतो, तिच्या रक्षणासाठी असतो. संयमाचेही तसेच आहे.

चौथ्या शतकात एवाग्रियस नावाच्या साधकाने या तटाची रचना बारकाईने सांगितली. कॉन्स्टँटिनोपलसारख्या राजनगरीत त्याच्या विद्वत्तेचा लौकिक होता. परंतु एका विवाहितेच्या मोहात मन गुंतले, तेव्हा तो नगर सोडून निघाला. जेरुसलेमला पोहोचल्यावरही जुनी ऐट सुटेना. अखेर दीर्घ आजारानंतर तो इजिप्तच्या वाळवंटात गेला आणि इ. स. ३९९ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिला. मोह काय असतो, हे त्याने पोथीत वाचले नव्हते. अंगावर झेलले होते.

साधकाला पछाडणारे आठ विचार त्याने सांगितले: खादाडपणा, कामवासना, धनलोभ, खिन्नता, क्रोध, साधनेचा कंटाळा, कीर्तीची हाव आणि गर्व. आपल्या षड्रिपूंशी यांतील कित्येकांचे नाते उघड आहे. मात्र खिन्नता आणि कंटाळा यांनाही त्याने शत्रूंत गणले, हे विशेष होय. भर दुपारी सूर्य जागचा हलत नाहीसा वाटतो, कुटीबाहेर कोणी येते का याकडे डोळे लागतात, साधनाच व्यर्थ भासू लागते. त्या अवस्थेलाही त्याने आक्रमणच म्हटले. विचार मनात येणे आपल्या हाती नाही. त्याला मुक्काम करू द्यावा की नाही, एवढेच आपल्या हाती आहे, हे त्याच्या शिकवणीचे सार. म्हणून पहारा कृतीपाशी नव्हे, विचाराच्या वेशीपाशीच बसवायचा. प्रत्येक विचाराला तोंड देण्यासाठी त्याने धर्मशास्त्रातील वचने निवडून आठ भागांचा संग्रह केला. संकटाच्या क्षणी नाम ओठांवर यावे म्हणून आपल्याकडे ते नित्य घोकले जाते, त्याची येथे आठवण होते.

परंतु त्याचा सर्वांत मोलाचा इशारा निराळाच आहे. इतर शत्रू हरले की त्या विजयातूनच कीर्तीची हाव उठते. मी संयमी झालो, हे लोकांनी जाणावे असे वाटू लागते आणि तट आतून फुटतो.

त्याच वाळवंटात मोझेस नावाचे एक साधू होते. पूर्वायुष्यात ते दरोडेखोर होते. एकदा स्केटिसच्या मठवस्तीत सर्वांनी आठवडाभर उपवास करावा, अशी आज्ञा झाली. नेमके त्याच वेळी मोझेस यांच्याकडे पाहुणे आले. त्यांनी चूल पेटवून थोडे अन्न शिजवले. धूर पाहून शेजाऱ्यांनी वडीलधाऱ्यांकडे तक्रार केली. शनिवारी सर्व जमले, तेव्हा वडीलधाऱ्यांनी मोझेस यांना सर्वांसमक्ष सांगितले की, तुम्ही माणसांची आज्ञा मोडलीत, पण देवाची पाळलीत.

ही कथा आम्हांस आमच्याच घरात आणून सोडते. उपवासाच्या दिवशी फराळाला उशीर झाला म्हणून घरच्या माउलीवर आवाज चढवणारा, स्वतः अन्न वर्ज्य करून शेजाऱ्याची निंदा चवीने चघळणारा, कोण अधिक कडक व्रत करतो याचा हिशेब मांडणारा, यांपैकी एखादा आपल्यातच नाही ना? जिभेला अन्नापासून आवरले आणि कठोर शब्दापासून आवरले नाही, तर वेस उघडीच राहिली म्हणायची.

संत पौलाने आत्म्याची नऊ फळे सांगितली; त्यांत प्रेमाला पहिले स्थान आहे आणि संयमाला शेवटचे. दोघांना फळ म्हटले आहे, हे ध्यानी घेण्यासारखे आहे. फळ हट्टाने ओढून येत नाही. झाडाची निगा राखावी लागते आणि पाऊस वरूनच यावा लागतो. निगा राखणे एवढेच माणसाचे काम. ते आज ज्यांनी निष्ठेने केले आहे, त्या ख्रिस्ती बांधवांस आमचे वंदन. आणि पुढच्या एकादशीस पाटावर बसताना आपल्या वेशीवर पहारा आहे ना, एवढे प्रत्येकाने पाहावे, ही प्रार्थना.