विश्लेषण : हिंगोलीचे माळरान खरेच ओसाड, की नकाशाच अर्धवट?

कोणता पक्षी, प्राणी किंवा वनस्पती कुठे आढळू शकते, याचे नकाशे आता संगणकावर तयार होतात. संवर्धनासाठी हे तंत्र मोलाचे आहे. मात्र ज्या जिल्ह्यात नोंदीच झालेल्या नाहीत, तिथे हा नकाशा काय सांगतो आणि त्यावर किती विसंबायचे, हा प्रश्न हिंगोलीसारख्या जिल्ह्यांसाठी कळीचा आहे.

शेतकऱ्याच्या डोक्यातले ‘मॉडेल’

वसमतच्या जाणत्या शेतकऱ्याला हळद कुठे येईल असे विचारले, तर तो जमीन बघून सांगतो. पाण्याचा निचरा होणारी जमीन हवी, हिवाळ्यापर्यंत पुरेल एवढे पाणी हवे; चिबड जमिनीत गड्डा कुजतो. जिथे हळद चांगली आली ती शिवारे त्याने पाहिलेली असतात. त्यांच्यात काय सारखे आहे, हे त्याच्या मनात पक्के असते. त्यावरून न पाहिलेल्या शिवाराबद्दलही तो अंदाज बांधतो.

परिसंस्था अभ्यासक नेमके हेच काम संगणकावर करतात. त्याला ‘स्पीशीज डिस्ट्रिब्युशन मॉडेलिंग’ म्हणजे प्रजातींच्या प्रसाराचे प्रारूप म्हणतात. प्रजाती जिथे दिसली त्या ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घेतले जातात. तिथले तापमान, पाऊस, उंची, झाडोरा यांची माहिती त्यांना जोडली जाते. मग अशीच परिस्थिती आणखी कुठे आहे, याचा शोध घेतला जातो.

हे तंत्र चालते कसे?

यासाठी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या साधनांपैकी एक म्हणजे ‘मॅक्सेंट’. स्टीव्हन फिलिप्स, रॉबर्ट अँडरसन आणि रॉबर्ट शापायर यांचा त्यावरील शोधनिबंध २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रजाती कुठे ‘नाही’ याची खात्रीशीर माहिती सहसा कुणाकडे नसते, ही अभ्यासकांची जुनी अडचण. मॅक्सेंट फक्त ‘आहे’ अशा नोंदींवर चालते. नोंदीच्या ठिकाणची परिस्थिती आणि एकूण प्रदेशाची परिस्थिती यांची तुलना करून ते प्रत्येक चौकोनाला शून्य ते एक असे गुण देते. एकच्या जवळ म्हणजे अनुकूल, शून्याच्या जवळ म्हणजे प्रतिकूल.

उष्णकटिबंधीय देशांना हे तंत्र विशेष उपयोगी पडते. इथे प्रजाती भरपूर, अभ्यासक थोडे आणि जमिनीचा वापर झपाट्याने बदलणारा. प्रत्येक डोंगर पायी पालथा घालणे शक्य नसते. मर्यादित पैसा आणि माणसे कुठे पाठवावीत, हे नकाशा सांगू शकतो. हवामान बदलल्यावर एखाद्या प्रजातीचा अधिवास कुठे सरकेल, याचाही अंदाज त्यावरून बांधता येतो.

नोंदच चुकीची असेल तर?

याचे बोलके उदाहरण महाराष्ट्रातच आहे. रानपिंगळा हे मध्य भारतातले छोटे घुबड १८८४ नंतर खात्रीने कुणाला दिसले नव्हते. मधल्या काळातील एकच नमुना १९१४ चा, गुजरातमधील मांडवीचा, म्हणून संग्रहालयात होता. तो कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागन यांनी गोळा केल्याचे मानले जाई. अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांचे सहकारी नायजेल कॉलर यांनी तपासणी केली, तेव्हा ही बनवाबनवी निघाली. तो एकोणिसाव्या शतकातला, दुसऱ्याच संग्राहकाचा नमुना होता. तो चोरून, नव्याने भरून, खोटी चिठ्ठी लावून ठेवला होता.

ती खोटी नोंद बाजूला ठेवून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट जुन्या अस्सल नमुन्यांच्या ठिकाणी गेले. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ त्यांना रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी! पुढे मेळघाटसह सातपुड्यात तो अनेक ठिकाणी आढळला आणि २०१४ मध्ये तानसा अभयारण्यातही त्याची नोंद झाली. सातपुड्यापासून इतक्या दूर, मुंबईला पाणी देणाऱ्या जंगलात तो असेल, अशी फारशी कुणाची अपेक्षा नव्हती.

यातून दोन धडे मिळतात. एक चुकीचा ठिपका शोधाची दिशा भरकटवतो. आणि जिथे ठिपका नाही, तिथे प्रजाती नाही असे मुळीच नाही.

हिंगोलीची जागा कोरी का?

संगणकात जाणारे ठिपके येतात ते संग्रहालयांतून, शोधनिबंधांतून आणि ‘ई-बर्ड’सारख्या नागरिकांच्या नोंदींतून. २००२ मध्ये सुरू झालेल्या ई-बर्डमुळे पक्ष्यांची माहिती प्रचंड वाढली. पण नोंदी तिथेच वाढतात जिथे नोंद करणारे जातात. शहरांच्या आसपास, रस्त्यांच्या कडेला, व्याघ्र प्रकल्पांत. पुणे परिसरातल्या टेकडीवर रविवारी सकाळी पाच-दहा दुर्बिणी असतात. सेनगाव किंवा कळमनुरीच्या माळावर वर्षभरात एखादी गेली तरी पुष्कळ.

हा असमतोल दुरुस्त करण्याच्या संख्याशास्त्रीय पद्धती आहेत आणि चांगले अभ्यासक त्या वापरतातही. तरी त्यांना मर्यादा आहे. ज्या प्रकारच्या भूभागातून नोंदच आली नाही, त्याबद्दल संगणक नवे ज्ञान निर्माण करू शकत नाही. नकाशावर फिकट दिसणारा हिंगोली जिल्हा खरोखर प्रतिकूल आहे की फक्त अपरिचित, हे त्या रंगावरून कळत नाही.

माळरान म्हणजे बिघडलेले जंगल?

आधीच नोंदी नाहीत, त्यात ‘पडीक’ हा शिक्का. देशाच्या पडीक जमिनींच्या अधिकृत नकाशांत झुडपी माळांची गणना पडीकमध्ये होते. एम. डी. मधुसूदन आणि अबी तमीम वनक यांनी देशातील निमशुष्क खुल्या नैसर्गिक परिसंस्थांचा नकाशा तयार केला. या परिसंस्था देशाच्या सुमारे १० टक्के भूभागावर आहेत आणि त्यांतील ५ टक्क्यांहूनही कमी क्षेत्राला संरक्षण आहे, असे त्यातून पुढे आले.

मराठी अभ्यासक आशिष नेर्लेकर आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये भारतीय सॅव्हानातील, म्हणजे झाडे विरळ असलेल्या गवताळ प्रदेशांतील, प्रदेशनिष्ठ वनस्पतींची यादी केली. ती २०६ प्रजातींची निघाली. त्यांपैकी सुमारे ४३ टक्के प्रजातींचा शोध गेल्या दोन दशकांत लागला होता. म्हणजे ‘काहीच नाही’ असे समजल्या गेलेल्या जमिनीत नव्याने ओळख झालेल्या वनस्पती होत्या. नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी पुढे तेराव्या शतकापासूनचे मराठी साहित्य आणि लोकगीते यांतले वनस्पतींचे उल्लेख तपासले. महाराष्ट्रातील ही माळराने किमान ७५० वर्षे जुनी आहेत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. माळरानांचा हा पुरावा थेट त्यांच्या काळापर्यंत मागे जातो. जंगल तोडून अलीकडे माळ झाला, हा समज त्यापुढे टिकत नाही.

मग धोका कोणता?

मराठवाड्यात वनाच्छादन कमी. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने देशाच्या एक तृतीयांश भूभागावर वन किंवा वृक्षाच्छादन असावे, असे उद्दिष्ट ठेवले. त्यामुळे कमी वनाच्या जिल्ह्यात झाडे लावायला मोकळा माळ सर्वांत सोयीचा वाटतो. २०१९ मध्ये राज्याने ३३ कोटी वृक्षलागवडीचा संकल्प केला होता. कुसळी, मारवेल, पवना अशा गवतांच्या माळावर खड्डे खणून दाट झाडे लावली, तर झाडांची आकडेवारी वाढते. पण चंडोल, धाविक, खोकड आणि लांडगा यांची जागा जाते, मेंढ्यांची चराईही जाते.

सौर प्रकल्पांनाही सरकारी आणि गायरान जमिनी दिल्या जात आहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळाली पाहिजे, यात दुमत नाही. रात्री मोटार चालू करायला जाणाऱ्याला तिचे मोल विचारावे. प्रश्न एवढाच की, कोणता माळ द्यायचा आणि कोणता राखायचा, हे ठरवताना हाताशी काय आहे? पडीक म्हणणारा एक नकाशा आणि ठिपकेच नसलेला दुसरा. दोन्हींतून उत्तर एकच निघते : इथे काही नाही. ते उत्तर पुराव्यावर नाही, माहितीच्या अभावावर उभे आहे.

कोरी जागा भरायची कशी?

यासाठी मोठा निधी लागत नाही. जैवविविधता कायदा २००२ नुसार गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समित्या आणि लोक जैवविविधता नोंदवह्या अपेक्षित आहेत. त्या कागद पूर्ण करण्यापुरत्या न राहता प्रजाती, ठिकाण आणि तारीख अशा तपशिलासह भरल्या गेल्या पाहिजेत. माळावर वर्षानुवर्षे मेंढ्या चारणाऱ्या धनगर-हटकर मेंढपाळांना लांडग्याची वाट आणि कुसळीचा माळ कुणापेक्षाही जास्त माहीत असतो. ही माहिती नोंदवहीत त्यांच्या नावाने यावी.

दुसरा स्रोत वन विभागाच्या दप्तरातच आहे. हरणांनी, रोह्यांनी, रानडुकरांनी पीक खाल्ले की पंचनामा होतो. त्यात गाव, तारीख आणि प्राणी हे तिन्ही असतात. मॉडेलला ठिपका म्हणून लागते ते एवढेच. हे पंचनामे, शेतकऱ्याचे नाव वगळून, अभ्यासकांना खुले केले तर अनेक कोऱ्या जागा भरतील. मात्र त्यासाठी भरपाई वेळेवर मिळायला हवी. भरपाईची आशाच नसेल तर तक्रार होत नाही, आणि तक्रार नाही म्हणजे नोंद नाही.

तिसरी गोष्ट, माळ कोणत्याही कामासाठी देण्याआधी त्याची पाहणी पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर व्हावी. माळावरच्या बहुतेक छोट्या वनस्पती त्या काही आठवड्यांतच दिसतात. एप्रिलमध्ये पाहणी केली तर कोणताही माळ ओसाडच दिसणार.

निष्कर्षाआधी पायपीट

संगणकीय प्रारूपाला नाकारण्याचे कारण नाही. शोध कुठून सुरू करावा हे ते चांगले सांगते. अंतिम निकाल मात्र त्याच्याकडून घेऊ नये. हळदीचा जाणता शेतकरीही नवी जमीन घेताना मनातल्या अंदाजावर थांबत नाही. तो वावरात जातो, माती हातात घेतो. हिंगोलीच्या माळाबाबत प्रशासनाने निदान तेवढे करावे. जो माळ कुणी पाहिलाच नाही, त्यावर ‘इथे काही नाही’ असा शेरा मारण्याचा अधिकार ना नकाशाला आहे, ना कार्यालयातल्या शिक्क्याला.