वास्तव्याचा हक्क आणि अर्जाचा कागद

दहावी-बारावीचे निकाल लागले की बुलढाणा जिल्ह्यातील तहसील कचेऱ्यांत अधिवासाच्या दाखल्यासाठी विद्यार्थ्यांची व पालकांची धावपळ सुरू होते. मुलगा येथेच जन्मला, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकला. तरीही राज्यातील १५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच असतो. जन्माची नोंद आणि शाळेचे रजिस्टर दोन्ही सरकारी दप्तरातच असतात. सरकारनेच लिहिलेले नागरिकाने पुन्हा सरकारला दाखवावे, असा हा व्यवहार आहे.

वास्तव्याने हक्क मिळतो, की अर्जाने? हा प्रश्न अलीकडे इंग्लंडमधील गोमंतकीयांपुढे फार तीव्रतेने उभा राहिला. १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना पोर्तुगाल नागरिकत्व देते. त्या आधारे अनेकजण इंग्लंडला गेले. स्विंडन शहरात त्यांची मोठी वस्ती आहे. भारत दुहेरी नागरिकत्व मानीत नाही, त्यामुळे भारतीय नागरिकत्वावर त्यांना पाणी सोडावे लागले. पुढे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले. पाच वर्षे पूर्ण झालेल्यांना तेथे कायम वास्तव्याचा दर्जा मिळाला, इतरांना तात्पुरता. तात्पुरत्याची मुदत संपण्यापूर्वी दुसरा अर्ज न केल्यास वास्तव्याचा हक्कच जाईल, असा नियम होता. म्हणजे वर्षानुवर्षे राबलेला माणूस केवळ एका विसरलेल्या अर्जापायी बेकायदा ठरला असता.

डिसेंबर २०२२ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने हा नियम बेकायदा ठरविला. त्यानंतर २०२३ पासून तात्पुरत्या दर्जाची मुदत आपोआप वाढू लागली आणि जानेवारी २०२५ पासून पात्र व्यक्तींचा दर्जा आपोआप कायम करण्यास प्रारंभ झाला. कर व सरकारी साहाय्य यांच्या नोंदी शासन स्वतःच तपासते. हक्क वास्तव्यातून निर्माण होतो, कागद त्याची केवळ नोंद करतो, हे तत्त्व यामुळे मान्य झाले.

तथापि, येथेच सावध राहिले पाहिजे. आपोआप चालणारी व्यवस्था ज्यांची नोंद आहे त्यांनाच ओळखते. नोकरदाराचा कर दप्तरात दिसतो; घर सांभाळणारी स्त्री किंवा मुलाकडे राहणारी वृद्ध आई दिसत नाही. तिला अखेर स्वतः पुरावे जमवून अर्ज करावाच लागतो. म्हणजे सर्वांत दुबळ्यावरच सर्वांत मोठे ओझे राहते.

आपल्याकडेही अधिवासाचे दाखले उद्या आपोआप मिळू लागले, तर शिक्षकाच्या मुलाला तो घरबसल्या मिळेल. परंतु सहा महिने ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाचे काय? त्यांच्या मुलाचे नाव एका शाळेतून गळते आणि दुसरीत चढतच नाही. स्थलांतरित मुलांसाठी राज्यात शिक्षण हमी कार्डाची सोय आहे. ते नीट भरले गेले तर मुलाचे शिक्षण टिकेलच, शिवाय त्याच्या वास्तव्याची साखळीही तुटणार नाही.

तेव्हा सुधारणा दोन्ही बाजूंनी हवी. दप्तरात आहे ते नागरिकाकडे पुन्हा मागू नये. आणि जे दप्तरात नाही, ते लिहून घेण्यासाठी शासनानेच पाड्यावर, भट्टीवर, फडावर जावे. हे दुसरे काम झाले नाही, तर पहिल्या सुधारणेचा लाभ ज्यांना तिची फारशी गरज नाही त्यांनाच होईल.