आरोग्यचिंतन : औषधांचाही अपरिग्रह

पुणे-नाशिक महामार्गावरील कुरुळीत धूळ-धुराबरोबर हिवाळा येतो आणि मुलांचा खोकला बळावतो. मुलांची सर्दी बहुधा विषाणूजन्य असते. प्रतिजैविके विषाणूंवर निष्प्रभ ठरतात. तरीही मागील आजारातील उरलेली बाटली कपाटातून निघते. अशा वापराने औषधाला न जुमानणारे जिवाणू टिकतात, पसरतात आणि खऱ्या न्यूमोनियात तेच औषध हरते. म्हणून वेष्टनावर लाल रेघ असलेले औषध डॉक्टरांच्या सल्ल्याविना देऊ नये, साठवूही नये. हाही अपरिग्रहच होय.

न्यूमोकोकल लस सरकारी केंद्रांत ६ व १४ आठवडे आणि ९ महिने या वयांत मोफत मिळते. एक ते पाच वर्षांच्या बालकाचे श्वास मिनिटाला ४० वा अधिक झाले, किंवा छाती आत ओढली गेली, तर दुकान मिटवून तत्काळ रुग्णालय गाठावे.