आप्पांची दुर्बीण जर्मन नव्हती

आमच्या घरातल्या दुर्बिणीची गोष्ट मी वर्गात निदान तीस वर्षं सांगितली. दुसऱ्या महायुद्धाचा धडा आला की ठरलेली. १९४४ साली इटलीत शरण आलेल्या एका जर्मन अधिकाऱ्याने ती माझ्या वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या हाती दिली, अशी ती गोष्ट. मुलं अगदी गुंग होऊन ऐकत. आता ती मला मागे घ्यायची आहे, आणि त्यावरून माझा धाकटा भाऊ माझ्याशी धड बोलत नाहीये.

गेल्या दिवाळीत पुतणीने सहज विचारलं, "आत्या, पण जर्मन कशावरून?" मी गप्प. तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने हा प्रश्न विचारला नव्हता, आणि मास्तरीणबाईंनाही तो पडला नव्हता!

डोळ्याला लावतो त्या बाजूच्या दोन्ही खांद्यांवर, आतले लोलक झाकणाऱ्या पत्र्यांवर, अक्षरं कोरलेली असतात. आमची काही वाचता येईनात. पॉलिश लावून घासू का, असं भावाने विचारलं. मंडळी, हे कधीही करू नका, रंगाबरोबर पुरावाही जातो. मी टॉर्च तिरपा धरला, वर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल फिरवली, लहानपणी नाण्याचा छाप घ्यायचो तशी. अक्षरं उमटली : आर. ई. एल., कॅनडा, १९४३, ७ गुणिले ५०. शेजारी इंग्रजी 'सी'च्या पोटात एक छोटा बाण.

युद्धकाळातल्या जर्मन लष्करी दुर्बिणींवर बहुधा कारखान्याचं नाव नसे, तीन अक्षरांचा संकेत असे. 'बीएलसी' म्हणजे येनाचे कार्ल झाइस, 'बीईएच' म्हणजे वेट्झलारचे लाइट्झ. आमच्यावर तसलं काही नाही. नुसता बाण ही ब्रिटिश सरकारी मालाची खूण, आणि 'सी'मधला बाण कॅनडाचा. आर. ई. एल. म्हणजे रिसर्च एंटरप्रायझेस लिमिटेड, टोरंटोजवळ लीसाइडला १९४० साली युद्धासाठी काढलेली सरकारी कंपनी. रडार आणि दुर्बिणी बनवायची, १९४६ मध्ये बंदही झाली.

भाऊ म्हणाला, "ताई, तू आप्पांना खोटं पाडतेस."

मला तसं वाटत नाही. खूप आठवून पाहिलं, ही गोष्ट मी आप्पांच्या तोंडून कधी ऐकलीच नव्हती. सांगायची ती आजी. आप्पा एवढंच म्हणत, "इटलीतली आहे," आणि पेपर वर करत. ते मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये होते. ही बटालियन आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये. मे १९४४ मध्ये या डिव्हिजनने गारी नदी ओलांडली तेव्हा मदतीला कॅनडाचे रणगाडे होते. हे वाचलं आणि माझ्या डोळ्यांसमोर लगेच एक कॅनडियन सैनिक उभा राहिला, गळ्यातली दुर्बीण काढून आप्पांना देणारा. मग माझं मलाच हसू आलं. एक गोष्ट मोडली नाही तोच मी दुसरी रचायला बसले होते.

खुणा सांगतात ती वस्तू कुठे, कधी, कोणी बनवली. ती कोणाच्या हातातून कोणाकडे गेली हे त्या सांगत नाहीत. ते घरातली माणसंच सांगणार, आणि आपण त्यांना वेळेवर विचारत नाही. आप्पा गेले तेव्हा मी चांगली चाळिशीची होते. विचारायला काय झालं होतं? 'जर्मन' म्हटलं की मालाला भाव येतो, म्हणून आम्ही सगळे खूश होतो, खरं कारण हे. कॅनडातल्या कारखान्यात युद्धाच्या घाईत बनलेली दुर्बीण आठ दशकांनंतरही समोरच्या डोंगरावरचं देऊळ लख्ख दाखवते, याचं मात्र आम्हाला कौतुक नाही.

पेन्सिलीचा छाप मी पेटीत ठेवला. त्याखाली लिहिलं, "कॅनडा, १९४३. आप्पांकडे कशी आली ते माहीत नाही." मागच्या रविवारी भाऊ आला, चहा घेऊन गेला, फारसं बोलला नाही. नंतर पेटी उघडली तर माझ्या ओळीखाली त्याच्या अक्षरात आणखी एक ओळ : "आजी म्हणायची, जर्मन अधिकाऱ्याने दिली."

ती मी खोडलेली नाही.